मुकादमाची जागा

लोक बैठकीच्या खोलीत जिथे लग्नाचा फोटो लावतात, तिथे आमच्या घरी एका कबरीचा नकाशा लावलेला आहे. तो आईने काढला. चौकट बाबांनी करून घेतली. त्या दोघांच्या लग्नाचा फोटो कुठल्या ट्रंकेत आहे ते आजतागायत कुणाला माहीत नाही.

नकाशात एक मूल कुशीवर निजलेलं आहे. गुडघे पोटाशी, एक हात गालाखाली, छातीवर भोकं पाडलेले सात-आठ शिंपले. शेती नव्हती, भांडी नव्हती, चाक नव्हतं, तेव्हाचं मूल. त्याच्या अंगाखालची माती गेरूने तांबडी झाली होती, म्हणून आईने तेवढा भाग लाल पेन्सिलने भरलाय. गंमत अशी की डोक्याकडचा अर्धा भाग गडद तांबडा आहे आणि कमरेपासून खालचा विटकरी. नवा पाहुणा आला की हमखास विचारायचा, इथे रंग का बदलला? बाबा चहाचा कप खाली ठेवून सांगायचे, "हिने चांगली पेन्सिल हरवली. ऐन कामात." आई म्हणायची, "अहो, हरवते एखादी." बस्स, एवढंच. चाळीस वर्षं हा संवाद एक शब्द इकडचा तिकडे न होता चालला. मी आणि दादा तर तो पाहुण्यांच्या पाठीमागे ओठ हलवून म्हणायचो.

बाबा उत्खनन करणारे. एकदा नोंदलेली चूक ते खोडत नसत, स्वतःची नाही की बायकोची नाही. मी त्यांचंच पुढे चालवलं, फक्त जरा आखडतं घेऊन. मी माती बघते. मातीचा वीटभर ठोकळा कापायचा, तो राळेत भिजवून दगडासारखा कडक करायचा, त्याचा कागदाहून पातळ काप काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. मग कळतं की ही माती पाण्याने आली, वाऱ्याने आली, की कुणी हाताने ढकलली. दादाचा व्यवसाय चष्म्यांच्या दुकानाचा. तो म्हणतो, आमच्या घराण्यात दोन पिढ्या माती खाल्ली गेली, तिसरीने तरी चष्म्याच्या काचेतून बघावं.

आता त्या मुलाची गोष्ट सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

बाबांचं म्हणणं साधं होतं. ते मूल पुरलेलं आहे. कुणीतरी खड्डा खणला, गेरू पसरला, मुलाला झोपल्यासारखं ठेवलं आणि छातीवर शिंपले वाहिले. समुद्र तिथून कित्येक दिवसांच्या वाटेवर, तेव्हा शिंपले आपल्या पायांनी आलेले नाहीत. याचा अर्थ इतक्या जुन्या काळीसुद्धा माणसाला कळत होतं की एखादी वस्तू म्हणजे नुसती वस्तू नसते. पोटाला उपयोग नाही, अंगाला उपयोग नाही, तरी ती द्यायची. ज्याला आता काहीच लागणार नाही त्याला द्यायची. बाबा म्हणायचे, माणूस नावाचं प्रकरण इथून सुरू होतं.

विरोधी पक्षात एक नामांकित गृहस्थ होते. त्यांचं म्हणणं, सगळा कावळा बसायला आणि फांदी मोडायला असा प्रकार आहे. मूल टेकडीतल्या त्या कपारीत एका कोपऱ्यात मेलं, वरून माती घसरली. गेरू तिथे आधीच सांडलेला होता आणि गळ्यातली माळ तुटून शिंपले छातीवर आले. "खड्ड्याची कड दाखवा," असं ते प्रत्येक परिषदेत म्हणायचे. कड म्हणजे जुनी माती आणि नंतर भरलेली माती यांच्यातली रेघ. ती डोळ्यांना दिसत नव्हती. बाबांनाही दिसली नव्हती, आणि दिसली असं त्यांनी कधी खोटं लिहिलं नाही.

पण एक जागा शिल्लक होती. खणताना चांगले लोक सगळं खणत नाहीत. पुढे कुणाकडे जास्त चांगली साधनं येतील, म्हणून एक पट्टा न खणता सोडून देतात. त्याला आम्ही साक्षीची भिंत म्हणतो. बाबांनी हातभर रुंदीची अशी भिंत सोडली होती, नेमकी मुलाच्या पाठीशी. कड असलीच तर त्या भिंतीत असणार. विरोधक म्हणाले, मग उघडा ना. बाबा म्हणाले, "पुढच्यांसाठी ठेवलंय." हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं गेलं की त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्याची थट्टा सुरू केली. ताटात भाजी उरली की आम्हीसुद्धा म्हणायचो, पुढच्यांसाठी ठेवलीय.

त्या भिंतीला हात लावायला बंदी होती. टेकायचं नाही, पाय ठेवायचा नाही, चहाचा कप तर मुळीच नाही. एकदा आईने वहीत आकडा लिहायला तिच्यावर कोपर टेकलं, तर बाबा सगळ्यांसमोर ओरडले होते. ही बंदी धाब्यावर बसवणारा पंचक्रोशीत एकच जीव होता, तो म्हणजे मुकादम.

मुकादम आमचा कुत्रा. आमचा म्हणजे कुणाचाच नाही. पहिल्या वर्षी उत्खननाच्या तळावर आला आणि राहिला. रंग मातीचा, एक कान उभा, एक पडका. सकाळी काम सुरू झालं की तो उडी मारून साक्षीच्या भिंतीवर चढायचा, पुढचे पाय कडेवरून खाली सोडायचा आणि दिवसभर सगळ्यांवर लक्ष ठेवायचा. कुणी बसलेलं दिसलं की भुंकायचा. म्हणून मुकादम. बाबांनी त्याला पहिल्या आठवड्यात हाकललं, दुसऱ्या आठवड्यात ओरडले, तिसऱ्या आठवड्यात त्याच्याखाली पोतं अंथरलं. "भिंतीची झीज होऊ नये म्हणून," असं त्यांनी आईला सांगितलं. आई नकाशावरून मान वर न करता हसली.

त्या सुट्ट्या अजून माझ्या नाकात आहेत. तंबूच्या कापडाचा उन्हात तापलेला वास, स्टोव्हचा वास, चाळणीतून उडणारी धूळ. दुपारी कपारीत एवढी शांतता असायची की आईच्या पेन्सिलचा आवाज ऐकू यायचा. बाबांची एक थापी होती, गवंडी वापरतात तसली, पण लहान आणि टोकदार. वापरून वापरून पानासारखी पातळ झालेली. मुठीला त्यांनी स्वतः सुतळी गुंडाळली होती. ती ते दुसऱ्याला हातात देत नसत. दुपारच्या जेवणानंतर बाबा भिंतीला न टेकता, पण टेकल्यासारखे, तिच्या सावलीत बसायचे, आणि वरून मुकादमाचं शेपूट त्यांच्या खांद्यावर यायचं. आई पलीकडे आडवा फळा मांडीवर घेऊन बसलेली असायची. दादा चेंडू टाकायचा. मी मुकादमाला बिस्कीट अर्धं द्यायचे आणि अर्धं स्वतः खायचे. सुख म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर हेच येतं. त्यानंतर पुष्कळ बरं झालं आयुष्यात, पण असं नाही.

तिसऱ्या वर्षी, मुलाची कबर उघडून झाली त्याच आठवड्यात, मुकादम मेला. साप चावला असावा. सकाळी भिंतीवर चढला नाही म्हणून शोधलं, तर पाण्याच्या पिंपामागे पडलेला. मी सहा वर्षांची होते. तो झोपलाय असं माझं ठाम मत होतं. दादाने रडत रडत आपला चेंडू बाबांकडे दिला, "त्याच्याजवळ ठेवा, त्याचाच आहे." बाबांनी मला विचारलं, तू काय देतेस? मी म्हटलं, काही नाही, उठला की तो मागेल. मग मला एकदम भीती वाटली आणि मी बाबांना विचारलं, त्याला कुणी उकरणार नाही ना? बाबा म्हणाले, नाही. मी म्हटलं, कध्धीच नाही? ते म्हणाले, कधीच नाही.

आईने त्याला गोणपाटात शिवलं. बाबा त्याला एकटे घेऊन गेले. कुठे पुरलं ते सांगितलं नाही, आणि आम्ही ओढ्याकाठी असं धरून चाललो. त्याच संध्याकाळी बाबांची थापी हरवली. सगळा तळ पालथा घातला, आईने पांघरुणं झटकली, मजुरांना बोलणी बसली. दुसऱ्या दिवशी आईची पेन्सिलही हरवल्याचं कळलं. ते वर्ष वाईटच गेलं.

* * *

बाबा आता नव्वदीला टेकलेत. आई जाऊन पाच वर्षं झाली. बाबा दादाकडे असतात, नकाशाही तिथेच आला. गेल्या वर्षी त्या नामांकित गृहस्थांच्या एका शिष्याने लेख लिहिला, त्यात बाबांच्या कामाला ‘एका भाबड्या पिढीची हळवी कल्पना’ म्हटलं होतं. बाबांनी तो भिंगाने वाचला, घडी घातली आणि उशीखाली ठेवला. वहिनी सांगत होती, अधूनमधून काढून पुन्हा वाचतात. माझ्या नाकावरचा राग घरात प्रसिद्ध आहे. मी त्याच आठवड्यात परवान्यासाठी अर्ज केला. साक्षीची भिंत मी उघडणार होते. पुढच्यांसाठी ठेवलंय ना, मग मीच पुढची.

बाबांना सांगितलं तेव्हा ते खूश होतील असं वाटलं होतं. ते हातातलं भिंग पुसत म्हणाले, "घाई काय आहे?"

"बाबा, नव्वद वर्षांचे आहात तुम्ही!"

"म्हणूनच म्हणतो. मी गेल्यावर कर."

दादाने मला स्वयंपाकघरात ओढलं. "घाबरलेत ते. कड निघाली नाही तर? राहू दे ना. त्यांना जाऊ दे असंच, आपलं खरं होतं असं समजून."

मलाही तेच भय होतं, खोटं कशाला बोलू. कड निघाली तर बाबा जिंकतील. नाही निघाली, तर त्यांच्या आयुष्याचं एकुलतं एक म्हणणं त्यांच्याच मुलीने खोटं पाडलेलं असेल, आणि तेही त्यांच्या डोळ्यांदेखत. पण उशीखालचा तो कागद मला सहन होत नव्हता. मी गेले.

कपार लहान झाली होती. लहानपणीच्या सगळ्या जागा होतात तशी. बाबांनी खड्डा बुजवताना तळाशी त्या वर्षीचं नाणं टाकलेलं होतं, पुन्हा खणणाऱ्याला आपण कुठवर गेलो होतो ते कळावं म्हणून. ते मिळालं तेव्हा मला उगीचच बरं वाटलं. मग आम्ही भिंत मोकळी केली आणि तिची मुलाकडची बाजू सुरीने हळूहळू तासायला घेतली. बरोबर चार जण होते, आणि त्यांच्यात आमची नकाशेवाली. नकाशे काढण्यात पटाईत आणि बोलण्यात फटकळ, म्हणून माझं तिच्याशी जमतं.

संध्याकाळ होत आली होती. नकाशेवाली म्हणाली, "मॅडम, तांबडं."

हाताच्या तळव्याएवढा डाग होता. मुलाच्या पाठीच्या उंचीला, अगदी जिथे हवा तिथे. गडद तांबडा. मी गुडघ्यावर बसले आणि डागापाशी नाक नेलं. खड्ड्याच्या कडेला सांडलेला गेरू. यापेक्षा जास्त कुणी काय मागावं? हातच्या कांकणाला आरसा कशाला. पोरं एकमेकांना मिठ्या मारत होती. उजेड गेला म्हणून काम थांबवलं आणि मी टेकडीवर रेंज येते तिथे जाऊन दादाला फोन केला, बाबांना सांग म्हटलं, तांबडं निघालंय.

थोड्या वेळाने दादाचा फोन आला. "सांगितलं. विचित्रच वागले. ‘तांबडं? तिथे? तांबडं कसं असेल तिथे?’ असं दोन-तीनदा म्हणाले. आनंद वगैरे काही नाही."

सकाळी ऊन आत आलं आणि मी ब्रश घेतला. गेरू असा पसरलेला असतो, कडा विरलेल्या असतात. इथे डागाच्या मधोमध एक सरळ रेघ दिसायला लागली. निसर्गाला सरळ रेघ जमत नाही. आणखी दोन फटकारे मारले आणि लाकूड दिसलं, वाळवीने खाल्लेलं, सहा बाजूंचं, वर सोनेरी रंगाचा पुसट ठिपका. पेन्सिल होती. ओलीने फुगून शिसं फुटलं होतं आणि रंग मातीत उतरला होता.

नकाशेवालीने मला पाण्याची बाटली दिली.

पेन्सिलच्या दोन्ही बाजूंना बारीक हाडं होती. पंजे. त्यामागे गोणपाटाचे कुजलेले धागे, जाड दोऱ्याचे टाके, आणि वळलेली, कुशीवर निजलेली एक पाठ. गळ्याशी चुरगळलेलं रबर, चेंडू होता तो. आणि डोक्याजवळ, गोणपाटाच्या बाहेर, पात्याचं टोक मुद्दाम दूर वळवून ठेवलेली, मुठीला सुतळी गुंडाळलेली थापी.

मी तिथेच मांडी घालून बसले आणि मोठ्याने रडले. मॅडम वगैरे सगळं बाजूला राहिलं.

रडून झालं आणि मग राग आला. ज्या माणसाने आईला कोपर टेकू दिलं नाही, त्याने स्वतःच्या हाताने ही भिंत फोडली होती. चाळीस वर्षं लोक ‘कड दाखवा’ म्हणत राहिले, आणि हा गृहस्थ पुरावा एका कुत्र्यापायी उडवून ‘पुढच्यांसाठी ठेवलंय’ म्हणत बसला! मुकादमाच्या खड्ड्याने भिंतीचा बहुतेक भाग खाल्ला होता. मूळची माती उरली होती ती फक्त तळाला, वीतभर, नेमकी मुकादमाच्या पोटाखाली. तिच्यात अजून उत्तर असू शकत होतं. पण तिथे पोचायचं तर मुकादमाला उचलावं लागणार होतं. खालच्या ठोकळ्यासाठी अख्खं गोणपाट मोडावं लागलं असतं.

उचलायला कुणाची हरकत नव्हती. हे आमचं रोजचंच काम आहे. तरी मी म्हटलं, थांबा, मी घरी जाऊन येते. पेन्सिल नमुन्याच्या पिशवीत घातली आणि निघाले.

* * *

बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते. वहिनीने चहा ठेवला आणि माझा चेहरा बघून दादाला घेऊन आत गेली. मी बाबांच्या कानातलं यंत्र नीट बसवलं.

"बाबा, मुकादम सापडला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कसा आहे?"

मी भांडायची सगळी तयारी करून आले होते. या प्रश्नाची तयारी नव्हती. "बरा आहे," मी म्हटलं. "कुशीवर आहे."

"हं. तसाच ठेवला होता."

"का, बाबा? अख्खी टेकडी पडली होती. तिथेच का?"

"तूच तर विचारलंस. उकरणार नाही ना कुणी, म्हणून. मी नाही म्हटलं. मग त्याला खांद्यावर टाकून जागा बघत फिरलो. ओढ्याकाठी कोल्हे. झाडाखाली आमचाच पुढल्या वर्षीचा खड्डा आखलेला. कधीच कुणी हात लावणार नाही अशी एकच जागा मला माहीत होती, कारण तो नियम माझा होता. आणि त्याची जागाही तीच."

"पुरावा आठवला नाही तुम्हाला?"

"आठवला ना. दोन थाप्या माती काढली आणि हात थांबला. मग चालला पुन्हा."

"आणि लोकांना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? की मी भिंत फोडली, कुत्रा पुरला? हसले असते. हसले असते त्याचं काही नाही. उकरला असता त्याला."

बाबांचा चहा निवत होता.

"थापी का ठेवलीत?"

"ते विचारू नकोस. मला नाही माहीत." ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. "माती लोटून झाली नव्हती अजून. हातात थापी होती, ती ठेवली. का ठेवली, त्याला काय उपयोग, काही नाही. ठेवल्यावर मग तिथेच बसून राहिलो. शेजारी त्या मुलाचा खड्डा उघडा होता. मनात आलं, ज्याने हे शिंपले ठेवले त्याला कुणी विचारलं असतं, तर तोही म्हणाला असता, मला नाही माहीत. त्या दिवसापासून मला शंका नाही, बाळ. मूल पुरलंय. पण हे छापणार कुठे?"

मी पिशवीतून पेन्सिल काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी भिंग घेतलं. बराच वेळ लागला.

"ही हिची आहे."

"हो."

"कुठे मिळाली?"

"मुकादमाजवळ. गोणपाटाच्या आत, पंजांमध्ये."

"मी नाही ठेवली."

"माहीत आहे मला. गोणपाट कुणी शिवलं होतं, बाबा?"

ते नकाशाकडे वळले. वरचा अर्धा भाग गडद तांबडा, खालचा विटकरी. मी पेन्सिलखाली माझा हात धरला.

"मी हिला म्हणत राहिलो," ते म्हणाले. "पेन्सिल हरवली, पेन्सिल हरवली. आल्या-गेल्यासमोर. एकदा तरी सांगायचं होतं ना तिने."

"तुम्ही थापीचं सांगितलंत का तिला?"

"नाही." मग भिंग खाली ठेवून, "ती माझ्याबरोबर शोधत होती गं थापी. कंदील घेऊन. मी खोटं खोटं शोधत होतो आणि ती खरं खरं." ते रडत होते आणि हसतही होते. "एका तंबूत राहत होतो आम्ही. मला वाटायचं, या जगात एवढा खुळा मी एकटाच."

मी त्यांचे डोळे पुसले. मग जे बोलायचं होतं ते बोलून टाकलं. "बाबा, त्याच्याखाली वीतभर माती उरलीय. त्याला उचललं तर मला नमुना मिळेल. कड असेल तर दिसेल. तुम्ही असताना दिसेल. त्या लेखवाल्याला उत्तर देता येईल."

"पेन्सिल परत ठेव जिथे होती तिथे."

"बाबा, ऐका ना."

"शब्द दिलाय मी."

"मलाच दिला होता ना? मग मी सोडलं तुम्हाला त्यातून."

ते माझ्याकडे बघून चक्क हसले. "तुला नाही दिला. सहा वर्षांची एक मुलगी होती, तिला दिलाय. तिला विचारून ये."

* * *

परतीच्या सबंध वाटेत मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होते. माझ्याकडे मुद्दे होते, सगळे चांगले होते. कपारीत पोचले तेव्हा दुपार होती. पोरं जेवून पांगली होती. मी मुकादमाशेजारी बसले, त्याच सावलीत, भिंतीला न टेकता. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की माझा उजवा खांदा मी थोडा झुकवून बसलेय, वरून शेपूट येणार असल्यासारखा.

नकाशेवाली आली. "मग, उचलायचं?"

"नाही. नकाशा काढ, फोटो घे आणि बंद कर."

"आणि खालची माती?"

"पुढच्यांसाठी," मी म्हटलं. ती हसली नाही. तिला ती थट्टा माहीतच नव्हती.

तिने दोन दिवस बसून सुंदर नकाशा काढला. मी पेन्सिल पंजांमध्ये ठेवली, थापी डोक्याजवळ, टोक तसंच दूर वळवून. कुजलेल्या गोणपाटावर स्वच्छ कापड घातलं. तळाशी या वर्षीचं नाणं टाकलं. पोरांनी माती भरायला फावडी उचलली, तेव्हा मी म्हटलं, एक मिनिट. पिशवीत चहाबरोबर खायला आणलेला बिस्किटांचा पुडा होता. एक काढलं, मोडलं, अर्धं त्याच्या तोंडाशी ठेवलं आणि अर्धं सवयीने माझ्या तोंडात गेलं. इतक्या वर्षांत त्याने मागितलं नव्हतं. पण तो उठणार नाही हे मला आता कळलं होतं, आणि तरीही द्यावंसं वाटत होतं.

नकाशेवाली पेन्सिल उचलून थांबली होती. आमच्या कामात खड्ड्यात गेलेली प्रत्येक वस्तू नोंदावी लागते, आणि ती कशासाठी गेली तेही.

"अर्धं बिस्कीट लिहिते," ती म्हणाली. "कशासाठी लिहू?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं.

तिने तसंच लिहिलं.